निम्मे येतात, हेच नवल

महापालिका निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशीची बातमी मुंबईत ठरलेली असते. आकडा बदलतो, सूर बदलत नाही. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले, मुंबईत ते ५२.९४ टक्के भरले आणि नेहमीची झोडपणी सुरू झाली. सुट्टी मिळाली की लोणावळा गाठणारा मध्यमवर्ग, टॉवरमधून खाली न उतरणारा श्रीमंत, खड्ड्यांवर वर्षभर बोलून मतदानाच्या दिवशी लोळत पडणारा तरुण, सगळे एकेक करून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. ही झोडपणी करायला बरी वाटते, कारण करणारा आपोआप पुण्यवान निम्म्यात जाऊन बसतो. पण तिच्यात प्रश्नच उलटा पडला आहे. आपल्या महानगरांचा कारभार ज्या पद्धतीने बांधला आहे ती नीट पाहिली, तर निम्मे लोक का येत नाहीत याचे फारसे कोडे उरत नाही. शहराची सत्ता कुणाच्या हाती द्यायची, हे या निवडणुकीत मतदाराला विचारलेच जात नाही. तरीही मुंबईत ५४ लाखांवर माणसे केंद्रावर गेली. कोडे सोडवायचेच असेल तर ते या ५४ लाखांचे सोडवायला हवे.

आधी टक्केवारीचीच झडती घेऊ, कारण सगळी ओरड तिच्या जोरावर चालते. २०१२ साली मुंबईत ४४.७५ टक्के मतदान झाले होते, २०१७ साली ते ५५ टक्क्यांच्या पुढे गेले. अकरा टक्क्यांच्या घरातली ही उडी तेव्हा लोकशाहीचा विजय म्हणून साजरी झाली. यादी उघडली की चित्र बदलते. २०१२ मध्ये मतदारयादीत १ कोटी २ लाखांवर नावे होती आणि मते पडली सुमारे ४६ लाख. २०१७ मध्ये यादी आटून ९२ लाखांच्या आत आली आणि मते पडली सुमारे ५१ लाख. म्हणजे मतदार पाच लाखांनी वाढले हे खरे, पण यादी २०१२ एवढीच राहिली असती तर टक्केवारी पन्नाशीच्या आतच थांबली असती. वाढीतला अर्ध्याहून अधिक भाग मेलेल्या, स्थलांतरित झालेल्या आणि दोनदा नोंदलेल्या नावांच्या गळतीचा होता. २०२६ मध्ये नेमके उलटे झाले. यादी पुन्हा फुगून १ कोटी ३ लाखांवर गेली, मते २०१७ पेक्षा साडेतीन लाखांहून अधिक पडली आणि तरी टक्का घसरला. वर्तमानपत्रांनी घसरण छापली. वाढलेले मतदार कुणाला दिसले नाहीत. या वेळच्या प्रारूप यादीत ४ लाख ३३ हजार मतदारांची नावे एकाहून अधिक ठिकाणी होती आणि अशा नोंदींची बेरीज ११ लाखांवर जात होती. राज्य निवडणूक आयोग विधानसभेची यादी जशीच्या तशी वापरतो आणि त्यातली नावे वगळण्याचा अधिकार आपल्याला नाही असे म्हणतो. तो दुबार नावांपुढे खुणा करून मोकळा झाला. अशा यादीवर काढलेला टक्का मुंबईकराच्या नागरिकत्वाची परीक्षा म्हणून वाचणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

टक्का बाजूला ठेवला तरी एक शंका उरते. स्थानिक निवडणुकीत लोक कमी मतदान करतात, हा जगभरचा अनुभव मुंबईलाही लागू असणार, असे आपण गृहीत धरतो. तो मुंबईला लागू होत नाही. २०१९ च्या विधानसभेला मुंबईत मतदान पन्नाशीच्या आसपास होते आणि २०२४ च्या विधानसभेला, राज्यात ६६ टक्के मतदान होत असताना, मुंबई पंचावन्नच्या आगेमागे रेंगाळली. म्हणजे महापालिकेसाठी मुंबईकर विधानसभेइतकाच बाहेर पडतो, कधी थोडा जास्तही. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसशी तुलना करा. तिथे २०१७ च्या महापौर निवडणुकीत नोंदणीकृत मतदारांपैकी जेमतेम २० टक्के आले होते. त्याआधीच, २०१५ मध्ये, शहराने निवडणूक राज्याच्या मोठ्या निवडणुकीसोबत घ्यायचे ठरवले होते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ती तशी झाली आणि मतदान चाळिशीच्या पुढे गेले. तारखेने मतदान दुप्पट झाले, उमेदवारांनी नव्हे. हा उपाय आपल्याकडे सुचवणारे आहेत. पण मुंबईत विधानसभेचा टक्काच पालिकेपेक्षा फारसा वर नसेल, तर दोन्ही निवडणुका एकत्र बांधून हाती काय लागणार? पाण्याचा आणि कचऱ्याचा प्रश्न मात्र मुख्यमंत्रिपदाच्या गदारोळात बुडून जाईल.

मग हे ५४ लाख येतात कशासाठी? उत्तराचा एक धागा शहराच्या नकाशात आहे. २०२६ मध्ये भांडुपच्या ११४ क्रमांकाच्या प्रभागात ६४ टक्क्यांवर मतदान झाले आणि कुलाब्याच्या २२७ क्रमांकाच्या प्रभागात २१ टक्केही नाही. एकाच शहरात, एकाच दिवशी, एकाच सुट्टीत तिपटीचा फरक. भांडुपकर कुलाबेकरापेक्षा तिप्पट सुजाण आहे असे म्हणायचे असेल तर म्हणावे, पण त्यापेक्षा साधे कारण समोर आहे. डोंगर-उतारावरच्या वस्तीत नळाला पाणी किती वाजता येते, सार्वजनिक शौचालयाची टाकी कधी उपसली जाते, पावसाळ्याआधी नाला साफ होतो का, घरदुरुस्ती काढल्यावर वॉर्ड ऑफिसचा माणूस दारात येतो की नाही, या सगळ्यांत नगरसेवक हा माणूस मधे असतो. तो रात्री फोन उचलतो, शाखेत बसतो, दाखल्याचे पत्र देतो. टॉवरमधल्या रहिवाशाला पालिका लागते ती सोसायटीच्या कमिटीमार्फत, वास्तुविशारदामार्फत, टँकरवाल्यामार्फत. नगरसेवकाची त्याला गरजच पडत नाही आणि पडली तर मतावाचून काम करून घेण्याचे इतर मार्ग त्याच्याकडे असतात. तेव्हा भांडुपचे मत आणि कुलाब्याची गैरहजेरी, दोन्ही सारख्याच हिशेबी आहेत. जिथे पालिका रोजच्या जगण्यात घुसलेली आहे आणि तिच्यापर्यंत पोचायला एकच माणूस आहे, तिथे लोक त्या माणसाला निवडायला जातात. यात भावनेचा, भाषेचा, पक्षनिष्ठेचाही वाटा असतो. मुंबई कुणाची हा प्रश्न पेटला की गिरणगावात रांगा लांबतात, हे अमान्य करण्यात अर्थ नाही. पण रांगेतल्या माणसाने दोन्ही कारणांनी निवडला तो आपला प्रभागातला माणूस. शहर चालवणारा त्याने निवडलाच नाही.

कारण तो निवडायची सोयच नाही. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्या कायद्याने कार्यकारी अधिकार दिले आयुक्तांना आणि आयुक्त नेमायचा सरकारने. तेव्हा गोऱ्या सरकारने, आता मंत्रालयाने. सभागृहाचा अध्यक्ष १९३१ पासून महापौर म्हणवू लागला. पदाची शान वाढली, अधिकार होते तिथेच राहिले. पुण्या-नागपुरापासून परभणीपर्यंतच्या महापालिका १९४९ च्या वेगळ्या कायद्याखाली येतात, पण साचा तोच. महापौर सभा चालवतो, पाहुण्यांचे स्वागत करतो, नालेसफाईच्या पाहणीला बूट घालून जातो. निविदा, नेमणुका, बांधकाम परवानगी, अतिक्रमण हटवणे हे सारे आयुक्तांकडे. खर्चाच्या नाड्या काही प्रमाणात स्थायी समितीकडे असतात, म्हणून तर मुरलेले नगरसेवक महापौरपदापेक्षा स्थायी समितीचे अध्यक्षपद मागतात. १९९८ मध्ये युती सरकारने मुंबई आणि नागपुरात महापौर परिषदेचा प्रयोग केला, महापौराला मंत्रिमंडळासारखी समिती आणि कार्यकारी अधिकार देऊन पाहिले. वर्ष-दीड वर्षात तो गुंडाळला गेला. एवढ्या मुदतीत तो फसला की यशस्वी झाला हे ठरवणेही कठीण, पण तेव्हापासून त्याचा उल्लेख 'करून पाहिले, जमले नाही' असाच होतो. कोलकात्यात हीच रचना १९८० च्या कायद्याने आली आणि चार दशकांनंतरही चालू आहे, याची आठवण मात्र मुंबईत कुणी काढत नाही.

महापौर निवडण्याची रीत तर आणखी नवलाची. मुदत अडीच वर्षांची. निवडणार नगरसेवक. आणि पद कुणासाठी राखीव हे सोडतीने ठरणार. या वेळी निकाल लागले १६ जानेवारीला आणि सोडत निघाली २२ जानेवारीला. वऱ्हाड निवडून झाल्यावर नवरदेव चिठ्ठी टाकून ठरवावा, तसला हा प्रकार. मतदार केंद्रात शिरला तेव्हा महापौर स्त्री असेल की पुरुष, कोणत्या प्रवर्गातून असेल, हे त्याला ठाऊक नव्हते, त्याच्या पक्षाला ठाऊक नव्हते, उमेदवारालाही नव्हते. प्रचारात 'आमचा महापौर' अशी गर्जना सगळ्यांनी केली, पण त्या महापौराचे नाव, चेहरा, कार्यक्रम कुणीच सांगू शकत नव्हते. सोडतीत मुंबईचे पद सर्वसाधारण महिलेसाठी निघाले आणि फेब्रुवारीत भाजपच्या रितू तावडे महापौर झाल्या. निकाल ते महापौर निवड या आठवड्यांत बातम्या होत्या गटनोंदणीच्या, हॉटेलांत ठेवलेल्या नगरसेवकांच्या, कोण कुणाला किती समित्या देणार याच्या. महापौरपदाची खरी शर्यत ती. मतदाराचे काम त्याआधीच संपलेले होते.

त्यातही ही शर्यत तब्बल चार वर्षांनी झाली. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणावरचा खटला, प्रभागांची संख्या २२७ की २३६ यावर एका सरकारने घेतलेला आणि पुढच्याने फिरवलेला निर्णय, या सगळ्यांत निवडणूक लांबत गेली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला चार महिन्यांची मुदत घालून दिली आणि मग ती ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली, तेव्हा कुठे हालचाल झाली. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घेणे बंधनकारक केले आहे, पण ती दुरुस्ती या काळात कागदावरच होती. दरम्यान सरकारने नेमलेला प्रशासक अर्थसंकल्प मांडत होता आणि प्रशासकच तो मंजूर करत होता. २०२५-२६ चा आकडा ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता. एवढा पैसा एकाही निवडलेल्या माणसाच्या सहीवाचून खर्चता येतो, रस्त्यांचे काँक्रिटीकरण चालू राहते, कचऱ्याच्या गाड्या येतात, हे शहराने चार वर्षे पाहिले. नगरसेवक नसला तर गटार तुंबल्याची तक्रार घेऊन कुठे जायचे हे भांडुपला कळेना, एवढीच काय ती अडचण झाली. नगरसेवक हवा, पण त्याच्याशिवायही पालिका चालते, हा धडा चार वर्षे गिरवून घेतल्यावर मतदाराने दुप्पट उत्साहाने यावे ही अपेक्षा कशाच्या आधारावर करायची?

इथे एक आक्षेप येतो आणि तो सुशिक्षितांच्या तोंडून येतो, म्हणून नीट घ्यायला हवा. आयुक्त असलेला बरा, असे हे लोक म्हणतात. नगरसेवक टक्केवारी खातात, कंत्राटदारांशी त्यांचे लागेबांधे असतात. सनदी अधिकारी निदान शिकलेला असतो, बदलून जाणारा असतो. नवी मुंबईत २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये सभागृहाने आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठराव प्रचंड बहुमताने मंजूर केला. राज्य सरकारने तो मानला नाही. मुंढे राहिले आणि मार्च २०१७ मध्ये सरकारनेच त्यांची बदली केली. त्या काळात नागरिक आयुक्तांच्या बाजूने रस्त्यावर उतरले होते, हे खरे आहे आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण या भूमिकेची किंमत मोजायला हवी. निवडलेले सभागृह प्रचंड बहुमताने बोलले तरी सरकारने मानले नाही तर आयुक्त हलत नाही, आणि सरकार मात्र कुणालाही न विचारता त्याला हलवू शकते, अशी व्यवस्था ज्यांना पसंत आहे त्यांनी मतदान कमी होते म्हणून हळहळू नये. शहर अधिकाऱ्याने चालवावे आणि लोकांनी मात्र उत्साहाने मतदान करावे, या दोन इच्छा एका माणसाच्या पोटात नांदत असल्या तरी एका शहरात नांदणार नाहीत.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो आणि तो अधिक जड आहे. महापौर थेट जनतेतून निवडला की मतदान वाढेल, असे म्हणणारे खूप आहेत. त्यांना पुरावा साथ देत नाही. उत्तर प्रदेशात महापौर थेट निवडतात. २०२३ मध्ये लखनऊत मतदान चाळीस टक्क्यांनाही पोचले नाही. लंडनमध्ये २००० सालापासून थेट महापौर आहे, वाहतूक आणि पोलीस यांच्यावर त्याचे बऱ्यापैकी अधिकार आहेत, आणि तरी मतदानाने एकदाही पन्नाशी गाठलेली नाही. २०२४ मध्ये ते चाळीस टक्क्यांच्या जवळ होते. उलट पणजीत महापौराची मुदत अवघी वर्षाची, निवड नगरसेवकांतून, आणि तरी मतदान मुंबईपेक्षा कितीतरी जास्त. आपल्याच नगरपरिषदांत नगराध्यक्ष थेट निवडला जातो आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिथे दोन-तृतीयांशाच्या आसपास मतदान झाले. पण ते श्रेय थेट निवडीला देणे घाईचे होईल, कारण लहान गावात मतदान नेहमीच जास्त असते. उमेदवार ओळखीचा असतो आणि मतदार आला नाही तर 'का आला नाहीस' असे विचारणारा शेजारी असतो.

हा पुरावा मान्य करूनही मूळ मुद्दा हलत नाही, फक्त त्याची मांडणी अधिक काटेकोर करावी लागते. लखनऊच्या महापौराला लोक थेट निवडतात, पण निवडून त्याला करायला फारसे काही देत नाहीत. तिथेही किल्ल्या नगर आयुक्ताकडेच आहेत. थेट निवड आणि खरे अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडच्या चर्चेत त्या कायम एकीत गुंडाळल्या जातात. न्यूयॉर्कमध्ये दोन्ही आहेत. शंभर अब्ज डॉलरहून मोठा अर्थसंकल्प, पोलीस, शाळा महापौराच्या हाताखाली आहेत. आणि तिथेही २०२१ मध्ये पाव मतदारसुद्धा आले नव्हते. त्याच शहरात २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये वीस लाखांहून अधिक लोकांनी मत दिले, १९६९ नंतरचे सर्वाधिक. अधिकार चार वर्षांत बदलले नव्हते. बदलला होता तो प्रश्न: घरभाडे, बसभाडे, पाळणाघर यांवर ठाम बाजू घेणारा झोहरान ममदानी आणि त्याला तितकाच ठाम विरोध. अधिकार असले की मतदान वाढतेच असे नाही. मात्र अधिकार असल्यामुळे असा प्रश्न विचारता येतो आणि त्याच्या उत्तराला अर्थ असतो. मुंबईत बेस्टच्या तिकिटाचा दर हा महापौर-निवडणुकीचा मुद्दा होऊच शकत नाही, कारण महापौराचे वचन वचन म्हणून कुणी धरत नाही आणि धरले तरी ते मोडल्याचा जाब त्याला पुढच्या निवडणुकीत विचारता येत नाही. अडीच वर्षांनी तो पदावरच नसतो.

मग आपल्याच राज्यातल्या नगराध्यक्षांचे भांडण दाखवले जाते. थेट निवडलेला अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे, मग सभा तहकूब, विकासकामे ठप्प. हा त्रास खरा आहे. पण तो सोडवायचा प्रयत्न कुणी केलाच नाही. सरकारे बदलली तशी पद्धत बदलली. २०१६ मध्ये फडणवीस सरकारने थेट निवड आणली, २०२० मध्ये महाविकास आघाडीने ती रद्द केली, २०२२ मध्ये शिंदे सरकारने पुन्हा आणली. प्रत्येक वेळी युक्तिवाद लोकशाहीचा आणि हिशेब पक्षाचा. आरक्षणाचा आक्षेप त्याहून गंभीर आहे, कारण सोडतीमुळेच दलित, आदिवासी, ओबीसी समाजातल्या स्त्रिया मोठ्या शहरांच्या पहिल्या खुर्चीवर बसल्या, आणि थेट लढतीत पैसेवाला पुरुष पुढे जाईल ही भीती पोकळ नाही. पण नगराध्यक्षपदांची सोडत २०२५ मध्ये मतदानाच्या आधीच निघाली होती. राखीव जागा आधी जाहीर झाली, उमेदवार तिच्याप्रमाणे उभे राहिले, लोकांनी त्यांना निवडले. जे नगरपरिषदेत चालते ते महापालिकेत का चालू नये? सोडत आधी काढल्याने कुणाचेही आरक्षण जात नाही. जाते ती पक्षश्रेष्ठींची निकालानंतरची मोकळीक.

गुजरातने वेगळाच रस्ता धरून पाहिला. स्थानिक निवडणुकीत मतदान सक्तीचे केले, २०१५ मध्ये न येणाऱ्याला शंभर रुपये दंडही ठरवला, आणि उच्च न्यायालयाने त्याच वर्षी अंमलबजावणी थांबवली. त्याबद्दल इतकेच पुरे. त्यापेक्षा पुण्याचे उदाहरण बोलके आहे, कारण तिथे मतदाराला सक्तीने नाही, पण रचनेने दमवले आहे. ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक. बहुतेक प्रभागांत एकाच मतदाराने चार बटणे दाबायची. चार प्रतिनिधी म्हणजे चौपट दाद मिळणे असे वाटावे, पण पाणी आले नाही तर चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक आहे, म्हणून भांडुपला निदान कुणाला धरायचे ते कळते. भांडुपच्या मताला जे बळ मिळते ते एवढ्यामुळेच, आणि नेमके तेच बळ शहराच्या पातळीवर कुठेच नाही.

हे बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही. नगराध्यक्ष किंवा महापौर कसा निवडायचा, हे घटनेने राज्याच्या विधिमंडळावर सोडले आहे. १८८८ आणि १९४९ चे दोन्ही कायदे विधिमंडळाला साध्या बहुमताने बदलता येतात. महापौराला पाच वर्षे, आयुक्ताच्या नेमणुकीत निर्णायक शब्द, अर्थसंकल्प मांडण्याची जबाबदारी, आणि मतदानाआधी सोडत. यादीत यापेक्षा फार काही नाही. अडचण वेगळीच आहे. मुंबईचा थेट निवडलेला महापौर १ कोटी ३ लाख मतदारांचा प्रतिनिधी असेल. मुंबईतले ३६ आमदार आणि सहा खासदार यांतल्या कुणाच्याही मागे एवढे मतदार नाहीत. मुख्यमंत्र्याच्याही नाहीत, कारण तोही एकाच मतदारसंघातून येतो. असा महापौर असताना मनाला येईल तसा आयुक्त बदलणे, एखादा भूखंड परस्पर देणे, नगरविकास खात्यातून शहराचा विकास आराखडा फिरवणे मंत्रालयाला जड जाईल. आणि विधेयकावर मत देणारे हात आमदारांचेच आहेत. म्हणून २०२८ च्या ऑगस्टच्या आसपास तावडे यांची अडीच वर्षे संपतील, तेव्हा दुसऱ्या मुदतीसाठी पुन्हा गटनेत्यांच्या बैठका होतील, पुन्हा हॉटेलांच्या बातम्या येतील, आणि मुंबईला नवा महापौर मिळेल. त्या दिवशी एकही मतदान केंद्र उघडलेले नसेल.